कानाचं दार घशात

आदिलाबादहून लेकरू अमेरिकेला निघालं की आजी आधी त्याच्या कानात कापूस घालते. कापसाचाच जिल्हा, कमी कशाला पडायचा? वर कानटोपी, तिची गाठ हनुवटीखाली. विमानात कान दुखतात हे तिने कुठेतरी ऐकलेलं असतं आणि ते खोटं नाही. फक्त बाहेरच्या कापसाने त्यात काही फरक पडत नाही. कारण जे घडतं ते कानाच्या पडद्यामागे, एका इवल्याशा पोकळीत. त्या पोकळीत हवा आत-बाहेर करायला दार एकच आहे, आणि ते कानात नाहीच. ते आहे घशात, नाकाच्या मागच्या बाजूला!

दाराकडे येऊच, पण आधी रस्ता. आदिलाबादेत निजामाच्या काळातली धावपट्टी आहे, पण परदेशी जाणाऱ्याला तिचा काय उपयोग? पैनगंगा ओलांडून नागपूर गाठायचं, नाहीतर राष्ट्रीय महामार्ग ४४ ने निर्मल, आरमूर, कामारेड्डी करत सुमारे तीनशे किलोमीटरवरचं हैदराबाद. या रस्त्यावर एक नवल घडतं आणि सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. नऊ वर्षांची ताई पिशवी तोंडाशी धरून बसलेली असते; दीड वर्षाचा धाकटा मात्र मांडीवर बिस्किट चघळत मजेत. असं का? गाडी लागते ती डोळे आणि कान यांच्या भांडणातून. डोळे गाडीच्या आतलं बघतात आणि सांगतात, सगळं स्थिर आहे. कानातली तोलाची यंत्रणा सांगते, आपण हलतोय. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना हे भांडण फारसं बाधत नाही. गाडी लागण्याचं प्रमाण पुढे वाढत जातं आणि नऊ-दहाच्या आसपास कळस गाठतं. म्हणजे प्रवासाचा हा एक त्रास घरातल्या सर्वांत लहान प्रवाशाला जवळजवळ माफ आहे.

आता विमानात बसू. ३५,००० फुटांवर, म्हणजे साडेदहा किलोमीटरहून अधिक उंचीवर, बाहेरचं तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं. हवेचा दाब जमिनीवरच्या पावपटीहूनही कमी. तिथे उघड्यावर माणूस मिनिटभर तरी शुद्धीत राहील का, शंकाच आहे. आणि आत? आत दोन-तीनशे माणसं जेवतायत, सिनेमा बघतायत, आणि एक पोरगं समोरच्या खुर्चीच्या पाठीवर लाथा मारतंय! हे शक्य होतं, कारण विमान बाहेरची विरळ हवा दाबून दाबून आत भरत राहतं. पण जमिनीवर असते तितकी ती भरत नाही. तेवढा दाब पेलायचा तर विमानाचं अंग खूप जड करावं लागेल. म्हणून तडजोड अशी की, आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवायचा. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. उटी २,२४० मीटरवर. म्हणजे उड्डाणानंतर अर्ध्या तासाच्या आत तुमचं लेकरू, मांडीवरून न उतरता, कळसूबाईला खाली टाकून उटीच्या आसपास पोचलेलं असतं.

ही सोय काही फार जुनी नाही. आत दाब भरलेलं पहिलं प्रवासी विमान, बोइंग ३०७, सेवेत आलं ते १९४० साली. त्याआधीची विमानं खालच्या उंचीवरून, ढगांचे धक्के खात जायची. जून १९४८ मध्ये एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेली, तेही असंच दाब भरलेलं, कॉन्स्टेलेशन जातीचं विमान होतं.

विमान वर गेलं की चिवड्याचं बंद पाकीट टम्म फुगतं, हे तुम्ही पाहिलं असेल. कानाच्या पडद्यामागची पोकळी म्हणजे तसंच एक पाकीट, फक्त त्याला एक चोरवाट आहे. सोळाव्या शतकातला इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी याचं नाव तिला मिळालं, युस्टेशियन नळी. विमान चढताना आतली हवा फुगते आणि या नळीतून आपोआप निसटते. चढताना मुलं त्या मानाने शांत असतात ते यामुळेच. उतरताना उलटं. आता बाहेरचा दाब वाढतोय, हवा आत यायला हवी आहे, आणि नळीचं घशाकडचं तोंड मऊ. बाहेरचा दाब त्याला आणखी मिटवतो. जेव्हा दार उघडायची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तेव्हाच ते घट्ट बसतं!

उघडतं कोण? टाळूचा एक चिमुकला स्नायू. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा तो ताणला जातो आणि दार क्षणभर, खरोखर अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ, किलकिलं होतं. हे काम तो दिवसभर करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. मोठ्या माणसात ही नळी सुमारे ३६ मिलिमीटर लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात ती जेमतेम निम्मी, आणि जवळजवळ आडवी. मोठ्यांच्या नळीसारखी व्हायला सहा-सात वर्षं जातात. त्यात सर्दी असली की दार सुजलेलंच. शिवाय मोठ्या माणसाला सांगता येतं, ‘आवंढा गिळ’. दीड वर्षाच्या पोराला सांगून बघा!

म्हणून उपाय कानात नाही, तोंडात आहे. अंगावरचं दूध, बाटली, पाण्याचा सिपर, काहीही, पण घोट-घोट गिळत राहील असं. आणि वेळ साधायची ती उतरायला सुरुवात होतानाच. आतला दाब विमान टेकण्याच्या बराच आधी, अर्धा तास तरी, बदलू लागतो. लेकरू गाढ झोपलं असेल तर त्या वेळी हळूच जागं करावं, हा सल्ला आईबापांना क्रूर वाटतो. पण त्यामागचं कारण साधं आहे: झोपेत माणूस फार कमी वेळा गिळतो. आणि तरीही ते रडलंच तर? रडताना ते आ वासतं, हुंदका देतं, नाकातलं-डोळ्यातलं पाणी गिळतं. प्रत्येक गिळण्यासरशी ते दार किलकिलं होत असतं. शेजारचा प्रवासी कपाळाला आठ्या घालतो, पण त्या रडण्यात दुरुस्तीही चाललेली असते. आईबापांनी ओशाळं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हवेबद्दल एकच. उणे ५५ अंशांच्या हवेत पाण्याची वाफ जवळजवळ नसतेच. तीच हवा तापवून आत घेतली की ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. थंडीत ओठ फुटतात म्हणजे काय, हे आदिलाबादकराला वेगळं सांगायला नको. लेकरू एरवीपेक्षा जास्त वेळा पाणी मागेल. ते हट्ट करत नाही, खरोखर सुकतंय.

आता आणखी एक नवल. रडणारं मूल मांडीवर घेऊन बसलात, तर गप्प बसत नाही. तेच घेऊन उठलात आणि चालायला लागलात की शांत! बसण्या-चालण्यातला फरक त्याला कसा कळतो? जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या गटाने हे मोजून पाहिलं आणि २०१३ मध्ये मांडलं. आई बाळाला घेऊन चालू लागली की काही सेकंदांतच त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हातपाय हलायचे थांबतात. उंदराच्या पिल्लाला मानेला धरून उचललं की तेही असंच निपचित होतं. आई पिल्लाला घेऊन पळत असेल तेव्हा पिल्लाने वळवळू नये, ही फार जुनी तरतूद. पुढे २०२२ मध्ये त्याच गटाने सांगितलं: पाच मिनिटं चाला, बाळ झोपलं की लगेच खाली ठेवू नका, आणखी पाच ते आठ मिनिटं घेऊन बसा, मग ठेवा. हे प्रयोग तान्ह्या बाळांवरचे. पण चालत्या कडेवरची जादू दोन वर्षांच्या पोरावरही चालते, हे विमानातल्या त्या अरुंद बोळात रात्री येरझारा घालणारा कोणताही बाप सांगेल. पट्टे बांधायची खूण पेटते आणि त्याला बसावं लागतं. पोरगं लगेच डोळे उघडतं.

विमान उतरलं, तरी प्रवास संपत नाही. शरीर अजून वाटेत असतं. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने हैदराबाद-शिकागो थेट विमान सुरू केलं होतं, नंतर ते बंद झालं; थेट जा की दोहा-दुबई करत जा, हिवाळ्यात शिकागोचं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे. दिवसाची रात्र! मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच वर, काही हजार पेशींचा एक ठिपका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. जन्मतः ते नीट लागलेलं नसतं. तान्ह्या बाळाला रात्र-दिवस सारखे, हे त्यामुळेच. पहिल्या काही महिन्यांत ते लागतं, आणि दीड-दोन वर्षांच्या पोरात पक्कं चालू लागलेलं असतं. उजेड बघून ते रोज स्वतःला लावून घेतं, पण एका दिवसात साधारण तासाभराहून जास्त सरकत नाही. लहान मुलांचे डोळे मोठ्यांपेक्षा जास्त उजेड आत सोडतात, म्हणून त्यांच्या घड्याळावर प्रकाशाचा परिणामही जास्त. सकाळी अंगणात खेळू द्यायचं, रात्री दिवे आणि मोबाइल लवकर बंद करायचे, याचं कारण हे.

पण घड्याळ एकच असतं तर सोपं होतं. यकृताचंही स्वतःचं घड्याळ आहे, आतड्यांचंही. ती उजेडावर नाही, जेवणाच्या वेळांवर लागतात. त्यामुळे नव्या गावात पहिले काही दिवस एकाच लेकराच्या आत मेंदू एका गावात आणि यकृत दुसऱ्याच गावात नांदत असतं. शिकागोत पहाटेचे तीन वाजलेत, बाहेर बर्फ पडतोय, आणि पोरगं उठून ठणठणीत आवाजात वरण-भात मागतंय. बरोबरच आहे त्याचं: आदिलाबादेत दुपारचे अडीच वाजलेत. द्यायचा का? दोन घास द्या, ताटभर नको, आणि स्वयंपाकघरातला मोठा दिवा मात्र लावू नका.