बाबा पदमनजी : पहिल्या कादंबरीपलीकडचा लेखक

मराठीतली पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी कोणती, असं विचारलं की विद्यार्थी 'यमुनापर्यटन, १८५७' असं लिहितो, गुण घेतो आणि पुढे जातो. बाबा पदमनजींच्या वाट्याला आपण एवढंच ठेवलं आहे. याच माणसाने कोश रचले, 'सत्यदीपिका' हे मासिक चालवलं, आत्मचरित्र लिहिलं, बायबलच्या नव्या करारावर टीका लिहिली. लहानमोठी शंभराच्या आसपास पुस्तकं त्यांच्या नावावर सांगितली जातात.

जन्म १८३१ चा, बेळगावचा, त्वष्टा कासार घराण्यातला. शिक्षण बेळगावच्या मिशन शाळेत आणि पुढे मुंबईला. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा 'स्त्रीविद्याभ्यासनिबंध' मात्र १८५२ चा आहे. ही दोन वर्षं महत्त्वाची आहेत. पदमनजींनी स्त्रियांचा कैवार घेतला तो धर्मप्रसारासाठी, असा आक्षेप आजही ऐकू येतो. मिशनऱ्यांच्या सहवासाचा वाटा त्यात आहेच. पण बाईच्या हालांविषयीची त्यांची तळमळ बाप्तिस्म्याआधीच कागदावर उतरली होती.

'यमुनापर्यटन'ची रचना साधी आहे. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात. वाटेत जागोजागी विधवा भेटतात आणि आपापली कर्मकहाणी सांगतात. 'पर्यटन' मराठी वाचकाला नवं नव्हतं. बनियनच्या रूपककथेचा हरी केशवजींनी केलेला अनुवाद, 'यात्रिकक्रमण', १८४१ मध्येच आला होता. पण त्यातली वाट रूपकाची. पदमनजींनी ती महाराष्ट्रातल्या खऱ्या गावांतून नेली. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे पुस्तकाच्या जेमतेम वर्षभर आधीचा. कायदा झाला तरी न्हावी दारात येतच होता. केशवपन, सोवळ्यातली उपासमार, घरातल्याच माणसांची वाईट नजर, हे सारं इथे बायका आपल्या तोंडाने बोलतात. शेवटी विनायक मरतो, यमुना स्वतः विधवा होते आणि ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. हा शेवट प्रचाराचा आहे आणि कादंबरी तिथे पातळ होते, हे मान्य करावंच लागतं. तरीही १८६१ साली हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि मराठी कादंबरी बराच काळ अद्भुतात रमली. घरातल्या बाईचं दुःख पुन्हा त्याच ताकदीने यायला हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' यावी लागली. ती १८९० पासून 'करमणूक'मध्ये येऊ लागली. तिच्याही नायिकेचं नाव यमूच.

बायकांचं बोलणं टिपणारा हा कान कोशकाराचा होता, असं मला वाटतं. मोल्सवर्थच्या कोशाची मोठी दुसरी आवृत्ती १८५७ मधलीच. तिचा संक्षेप पदमनजींनी १८६३ मध्ये काढला, सामान्य विद्यार्थ्याच्या हाती पडेल असा. त्याआधी १८६० मध्ये त्यांची 'शब्दरत्नावली' आली होती. एका अर्थाचे शब्द शेजारीशेजारी मांडणारं हे पुस्तक मराठीतल्या अशा प्रकारच्या पहिल्यांपैकी एक. कोशाचं काम रुक्ष म्हणून समीक्षक ते बाजूला ठेवतात, आणि तिथेच चुकतात. ज्याने दिवसचे दिवस शब्द पारखण्यात घालवले, त्याच्या संवादांत ती पारख उतरणारच.

सगळ्यांत श्रीमंत पुस्तक 'अरुणोदय', १८८८ चं. मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांत ते मोडतं. बालपणीच्या घरातला देवधर्म, व्रतं, पोथ्या त्यात तपशिलाने येतात. मुंबईच्या परमहंस मंडळीची हकिगत तर आतून पाहणाऱ्याने सांगितलेली. जातिभेद मोडायचा म्हणून ही मंडळी एकत्र जमून पाव खात, पण गुप्तपणे, घरी कळू न देता. पदमनजी स्वतः त्या बैठकांत होते. चोरून सुधारणा करणाऱ्यांच्या सोबतीने सुरू झालेला हा माणूस पुढे उघडपणे घर सोडून गेला. ती ओढाताण 'अरुणोदय'मध्ये पानोपानी जाणवते. आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासाला हे पुस्तक साक्षीदाराच्या जबानीइतकं मोलाचं आहे.

पदमनजी १९०६ मध्ये गेले. त्यांना वाचायचं असेल तर 'अरुणोदय'पासून सुरुवात करा, मग 'यमुनापर्यटन' घ्या. मध्ये उपदेशाची पानं लागतील. तेवढ्यासाठी पुस्तक मिटू नका.