व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढेना?

ऐन दिवाळीच्या साफसफाईत आमच्या व्हॅक्यूम क्लीनरनं दगा दिला. आवाज तोच, पण धूळ जागच्या जागी! दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, मोटार गेली." म्हणजे माझा शाळेतला निम्मा पगार!

म्हटलं, आधी आपणच बघू. प्लग काढून कापडी पिशवी झटकली. बारीक धुळीनं तिची छिद्रं बुजली होती. पिशवी बसवली, नळी मात्र सोडूनच ठेवली. यंत्र सुरू करून तोंडाशी तळहात धरला, तर ओढ जोरदार! म्हणजे मोटार ठणठणीत, दोष नळीत. नळीतून गोटी सोडली. ती अर्ध्यातच अडली. दांड्यानं हलकेच ढकलताच कापूस, केस आणि चिरंजीवांचा मोजा बाहेर!

मैत्रिणींनो, मोटार बदलण्याआधी तळहात लावून बघा. आणि धुतलेला फिल्टर पुरता वाळल्याशिवाय बसवू नका हं!