‘सर्वसाधारण पाऊस’ म्हणजे किती ?

यंदा पाऊस ‘सर्वसाधारण’ होणार, असें वर्तमानपत्रांत वाचून पेरणीची घाई करणारे शेतकरी बंधु आम्हांस दरवर्षीं भेटतात. हा शब्द हवामानखात्याच्या परिभाषेंतला आहे. ‘आपल्या शिवारास पुरेसा’ असा त्याचा अर्थ नव्हे.

१९७१ ते २०२० या ५० वर्षांच्या पावसावरून खात्यानें जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरिली आहे. तिच्या शेंकडा ९६ ते १०४ पाऊस झाला म्हणजे तो सर्वसाधारण. जिल्ह्याचें माप मात्र निराळें. तेथें सरासरीहून शेंकडा १९ कमी किंवा १९ अधिक पडला, तरी तक्त्यांत शब्द तोच येतो ! शंभराच्या ठिकाणीं एक्याऐंशी पदरांत पडलेल्या शेतकऱ्यास हें नांव कसें पटावें ?

शिवाय हा आंकडा चार महिन्यांची बेरीज होय. २०२३ सालीं देशांत एकंदर शेंकडा ९४ पाऊस झाला. तूट थोडीच दिसते. पण जुलैंत शेंकडा १३ अधिक, ऑगस्टांत ३६ कमी आणि सप्टेंबरांत पुन्हां १३ अधिक, असा तो पडला. १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. फुलोऱ्यांतल्या सोयाबीनला ती बेरीज काय कामाची ?

अंदाज वाचतांना तो देशाचा कीं जिल्ह्याचा, हें आधीं पहावें. पेरणीसाठीं पहावयाचा कागद वेगळाच आहे : आठवड्यांतून दोनदां निघणारी जिल्हावार कृषिहवामान सल्ला-पत्रिका. तींत पुढील पांच दिवसांचा अंदाज असतो.