चौकट : आधी छपाई की आधी शिक्का?

बांगलादेश युद्धाच्या वेळी आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचा जादा कर लागला. घाईत कुटुंब नियोजनाच्या ५ पैशांच्या लाल तिकिटावरच ‘रिफ्यूजी रिलीफ’ छापून ते वापरात आलं. मुख्य छपाई नाशिकरोडची. पण जयपूर, बंगळूर, दिल्ली, गोवा इथेही स्थानिक छपाई झाली. खोटेपणाला खरा वाव इथेच, कारण मूळ तिकीट स्वस्त आणि त्या अक्षरांचा रबरी शिक्का कुणीही करून घेतो.

तिकीट दहापट भिंगाखाली धरा. अस्सल तिकिटावर छापील अक्षरं खाली आणि टपालाच्या शिक्क्याची शाई त्यांच्यावरून गेलेली दिसते. अक्षरंच शिक्क्यावर चढलेली असतील, तर ती मागाहून छापलेली. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख १५ नोव्हेंबर १९७१च्या आधीची असेल, तर पुढे बघायलाच नको. अक्षरं चकचकीत, कागदावर तरंगल्यासारखी दिसली, तर ते लेझर प्रिंटरचं काम समजा.

सावली, मूल, चामोर्शी या गावांकडच्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात असं तिकीट सापडलं, तर ते सोलून काढू नका. पाकिटासकट ठेवा, तारीख आणि गावाचा शिक्का हाच त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.