सामाईक सर्व्हरवर प्रोग्राम बसविण्यापूर्वी



ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम, वजनकाटा आणि बिले ही चारही कामे आता एकाच सर्व्हरवर चालतात. सर्व्हर म्हणजे काही जादूची पेटी नव्हे. सर्वांचा हिशेब ठेवणारा तो एक मोठा कॉम्प्युटर, आणि गट ऑफिसातला कॉम्प्युटर ही त्याची खिडकी. "उपग्रहावरून प्लॉट दाखविणारा फुकट प्रोग्राम आहे, तो त्यावर टाका की, बिघडतं कुठं?" असे अनेक सभासद आम्हाला विचारतात. आमचे काही कर्मचारीही विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून शेतकी विभागात आम्ही त्याचा विचार कसा करतो ते येथे देत आहोत.

कोणाच्याही फडातून बेणे आणू नका, असे आम्ही दरवर्षी सांगतो. कांडी वरून टवटवीत दिसते, पण काणी किंवा गवताळ वाढ तिच्यातूनच शेतात येते. म्हणून तर बेणेमळ्यासाठी ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया करतात. प्रोग्रामचेही तसेच आहे. फरक एवढाच की, खराब बेण्याने आधी तुमचा प्लॉट जातो. सर्व्हरवरचा खराब प्रोग्राम मात्र सामाईक विहिरीत टाकलेल्या औषधासारखा, पाणी काढील त्या प्रत्येकाला बाधणारा.

यात मुख्य मुद्दा अधिकाराचा आहे. प्रोग्राम ज्याच्या नावाने चालतो, त्याचे सगळे अधिकार त्या प्रोग्रामला मिळतात. स्लिप बॉयला फक्त त्याच्या गटाच्या नोंदी दिसत असतील, तर त्याने आपल्या खात्यात बसविलेला प्रोग्राम तेवढ्याच वाचील. (तेवढ्याही थोड्या नव्हेत, नाव, मोबाईल, गट नंबर सगळे त्यात आले.) पण तोच प्रोग्राम मुख्य पासवर्ड घालून बसविला, तर बँक खाते नंबर, काट्यावरची वजने, लागणीच्या तारखा, सारे त्याच्या हाती जाते. लागणीची तारीख मागेपुढे झाली की तोडणीची पाळी चुकली. खाते नंबरचा एक आकडा बदलला, तर चौदा दिवसांत मिळायचे एफआरपीचे पैसे भलत्याच्याच खात्यात जायचे.

असे कुठे घडते का, असे कोणी म्हणेल. पुण्याची कॉसमॉस बँक ही सन १९०६ पासूनची, म्हणजे सहकारातली जुनी संस्था. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएम यंत्रणेत घातक प्रोग्राम घुसविण्यात आला. पैसे द्यायचे की नाही हे बँकेच्या खऱ्या यंत्रणेने ठरवायचे. तिच्याऐवजी एक खोटी यंत्रणाच "द्या" म्हणू लागली. दि. ११ ऑगस्टला २८ देशांतून पैसे काढले गेले, दि. १३ ला आणखी रक्कम हाँगकाँगला वळविली गेली. एकूण ९४ कोटींवर रक्कम गेली. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना शिक्षा केली. तो प्रोग्राम कोणी मागून बसविलेला नव्हता, हे खरे. पण एकदा आत आलेला प्रोग्राम काय करू शकतो, ते यावरून दिसते.

जुलै २०२४ अखेरचा प्रकार आपल्याला आणखी जवळचा. सी-एज ही कंपनी अनेक सहकारी व ग्रामीण बँकांना सामाईक यंत्रणा पुरविते. तिच्यावर खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला झाला, तेव्हा दि. ३१ जुलैला एनपीसीआयने तिची जोडणीच तात्पुरती तोडली. सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडले. त्या बँकांनी स्वतः काही केलेले नव्हते!

मग सगळ्यालाच नकार द्यायचा काय? आम्हाला ते पटत नाही. फुकट म्हणजे वाईट असेही नाही; जगातले बहुतेक सर्व्हर फुकट मिळणाऱ्या लिनक्सवरच चालतात. शिवाय सारखे नाही म्हटले की कर्मचारी सभासदांची यादी पेनड्राईव्हवर घेऊन घरी जातो आणि स्वतःच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम चालवितो. ते तर याहून वाईट, कारण तिथे काय चालले हे कोणालाच कळत नाही.

म्हणून आम्ही आधी पाहतो की प्रोग्राम कोणाचा आहे, त्याच्या दुरुस्त्या अजून निघतात का, आणि बसविणारा पोरगा उद्या नोकरी सोडून गेला तर तो कोण सांभाळणार. या शेवटच्या प्रश्नावर निम्मे अर्ज अडतात. त्यानंतर कामाला नेमकी कोणती माहिती लागते ते विचारतो. प्लॉटच्या नकाशाला बँक खाते कशाला हवे? मुख्य पासवर्ड मागणाऱ्या प्रोग्रामला तर आम्ही सहसा परवानगी देत नाही.

नकाशाच्या प्रोग्रामबाबत आम्ही असे ठरविले आहे: तो सर्व्हरला न जोडलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरवर बसेल. त्यात गट नंबर, जात आणि लागण तारीख एवढीच नक्कल घातली जाईल. नाव, मोबाईल, खाते नंबर जाणार नाहीत. त्यातून मूळ नोंदीत परस्पर बदल होणार नाही, बदल करायचा तर पूर्वीप्रमाणे शेतकी विभागाच्या सहीनेच.

सभासदांनी नोंदीची पावती जपून ठेवावी आणि हंगामापूर्वी गट ऑफिसात यादी लागेल तेव्हा लागण तारीख व खाते नंबर पावतीशी ताडून पाहावा. फरक दिसल्यास फोनवर न सांगता पावती घेऊन समक्ष यावे.