फ्रिज तुमचा नफा खातोय का? चला, हिशोब करूया!



घरून इडली-डोशाचं पीठ, श्रीखंड, पनीर विकताय? मग सांगा, एका पाकिटामागे फ्रिजची वीज किती रुपयांची लागते? तांदूळ, डाळ, पिशवी सगळं वहीत असतं. वीज मात्र "घरच्या बिलात" जाते. म्हणजे ती तुमच्याच नफ्यातून जाते, फक्त दिसत नाही.

आधी मोजा

कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, त्यामुळे क्षणभराचं रीडिंग कामाचं नाही. सॉकेटला लावायचा छोटा मीटर घ्या, पूर्ण 24 तासांचे युनिट लिहा आणि 30 ने गुणा. समजा महिन्याला 50 युनिट आले आणि दर 10 रुपये धरला, तर झाले 500 रुपये. पाकिटं 500 विकली, तर पाकिटामागे 1 रुपया. तुम्ही 4 रुपये नफा धरला होता ना? तो खरा 3 आहे! फ्रिजमध्ये घरचंही सामान असेल, तर खर्च जागेच्या प्रमाणात वाटा.

आणखी एक गोष्ट. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. त्यामुळे वाचलेला युनिट तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातला असतो.

मग हे करा

1. रबर तपासा. दारात नोट अडकवून दार बंद करा. नोट सहज निघाली, तर थंडावा बाहेर जातोय. आधी रबर साबणाच्या पाण्याने पुसा; तरीही सैल असेल तर बदलून घ्या.

2. हवा खेळू द्या. मागे जाळी दिसत असेल, तर प्लग काढून धूळ झाडा. जाळी दिसत नसेल तर उष्णता बहुधा बाजूच्या पत्र्यातून निघते. तिथे डबे, पोती टेकवू नका. गॅसच्या शेगडीपासून फ्रिज लांब ठेवा.

3. बर्फ साचू देऊ नका. साध्या फ्रिजमध्ये अर्धा सेंटिमीटर थर दिसला की डिफ्रॉस्ट करा. सुरीने खरवडू नका, कॉइल फुटेल.

4. गरम माल थेट नको. आधी पसरट भांड्यात, खाली थंड पाणी ठेवून लवकर निववा. पण तासन्‌तास बाहेरही ठेवू नका.

5. ऑर्डरप्रमाणे मांडणी करा. सकाळच्या ऑर्डर एका ट्रेमध्ये लावा. दार एकदा उघडा, ट्रे काढा, बंद करा.

एक काम अजिबात नको!

वीज वाचवायला रात्री फ्रिज बंद करणं. आत तापमान 5 अंशांच्या खाली राहायला हवं; साधा थर्मामीटर आत ठेवून बघत जा. माल आंबला तर वाचलेले दहा रुपये गेलेच, सोबत ग्राहकही गेला.

आजचा गृहपाठ: आज मीटर लावा, उद्या आकडा लिहा. वरची कामं करा आणि आठवड्याने पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधला फरक ही तुमची कमाई आहे, आणि त्यासाठी एकही जास्त पाकीट विकावं लागत नाही!