गारा पडल्या, मग तापमानवाढ कसली?

फेब्रुवारी २०१८ मध्ये गेवराई-माजलगाव भागात हाताशी आलेला हरभरा, गहू गारांनी झोडपला. अशा वेळी पारावर हमखास ऐकू येतं, "कसली तापमानवाढ? इथं हुडहुडी भरलीय!"

पण गार बनते कशी बघा. पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे, वरच्या थरात थंड हवा येते, खालून समुद्रावरची दमट हवा. ढग उंच चढतो, थेंब आतच घिरट्या घालत गोठत जातो. मोठी गार फोडली, तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात! आता तापमानवाढीचा संबंध बघा: हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि बाष्प हेच अशा ढगांचं खाद्य. एकाच गारपिटीचं खापर तापमानवाढीवर फोडणं मलाही पटत नाही. पण दोन गार रात्रींवरून निकाल? हवामान ३० वर्षांच्या सरासरीवर मोजतात, राव!